मंडळीच्या (चर्चच्या) वहीतून नाव काढलं तर तारणही (आत्म्याचा उद्धार) जातं का? (आईसाठी विचारतेय)

ऐरोलीची_थोरली
नमस्कार, आणि इथे जे कोणी आपले असतील त्यांना जय ख्रिस्त. धर्मांतर चांगलं की वाईट यावर मला चर्चा नकोय, त्यासाठी इथे दर आठवड्याला एक धागा पेटतोच, तिकडे जा.

आम्ही मूळचे नगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पप्पा ठाणे-बेलापूर रोडला एका कंपनीत लागले म्हणून ऐरोलीला आलो, तेव्हा इथे संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळायची नाही. धाकटा भाऊ संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणण्यात कायम पहिला, पुढे तरुण संघात गिटार, नाताळला घरोघर गाणी गात फिरणाऱ्या पोरांचा म्होरक्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये पप्पा कोविडने गेले. बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले, त्या दोन्ही रात्री मंडळीतले लोक झूमवर प्रार्थनेला बसले होते, भाऊ मोबाईल चार्जिंगला लावून जमिनीवर गुडघे टेकून होता, पहाटे उठवला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर फरशीच्या फटींचे वळ उठलेले. पप्पा गेल्यावर आठवडाभराने एक वडीलधारे घरी आले आणि त्याला म्हणाले, बाळा प्रार्थनेत कुठेतरी शंका राहिली असणार. झालं. तो रविवार आणि आजचा दिवस.

आधी वाटलं राग आहे, उतरेल. आता चार वर्षं होऊन गेली आणि तो अजिबात न चिडता सांगतो की मी मानत नाही. गेल्या महिन्यात त्याने रीतसर अर्ज देऊन मंडळीच्या सभासद वहीतून नाव काढून घेतलं.

घरात पप्पांचं मोठं बायबल आहे, त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमचे सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठं झाल्यावर विश्वास स्वतः कबूल करायचा विधी) पप्पांच्या अक्षरात लिहिलंय. भावाच्या बाप्तिस्म्याच्या तारखेवर शाईचा मोठा डाग आहे कारण पप्पा लिहीत असताना ह्याच वीराने त्यांच्या कोपराला धक्का दिला होता. परवा आई ते पान डोळ्याजवळ धरून बसलेली, मला म्हणते, "हे पण खोडायचं का गं?" मला काही बोलताच आलं नाही.

पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी इब्री लोकांस पत्राचा ६ वा अध्याय काढला, ज्यांना प्रकाश मिळाला आणि नंतर पतन झालं त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य आहे ते वाचून दाखवलं, बायबल मिटलं, चहा प्यायले आणि गेले. आई तेव्हापासून नीट जेवत नाहीये. तर मला सरळ सांगा, विश्वास सोडलेला माणूस तारला जाऊ शकतो की नाही? मला माझ्यासाठी नकोय, आईला सांगता येईल असं काहीतरी पाहिजे.

रुमाल_टाकला
जागा धरून ठेवतो.

नेरुळ_पूर्व
ताई जय ख्रिस्त. तुमचं दुःख कळतं, पण शास्त्र काय म्हणतं ते बघू. १ योहान २:१९, ते आपल्यातून निघाले खरे पण आपले नव्हतेच, आपले असते तर राहिले असते. आणि योहान १० मध्ये प्रभू म्हणतो माझी मेंढरं माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. कोणी म्हणजे कोणीच, त्यात मेंढरू स्वतः पण आलं. १६१८-१९ मध्ये हॉलंडात डॉर्ट गावी यावर मोठी सभा बसली होती, त्यांचा पाचवा मुद्दा हाच की देव ज्याला धरतो त्याला शेवटपर्यंत धरून ठेवतो, मधे तो दावीद किंवा पेत्रासारखा जोरात आपटला तरी. तुमचा भाऊ खरा असेल तर परत येईल. नाही आला तर मुळात

ऐरोलीची_थोरली
मुळात काय? वाक्य पूर्ण करा ना.

आठवीत असताना सोसायटीतली पोरं त्याला पाववाला पाववाला म्हणून चिडवायची, एकदा शर्ट फाडून घेऊन घरी आला पण गळ्यातला क्रॉस काढला नाही, त्याची दोरी मुठीत गच्च धरलेली. ते पोरगं तेव्हा नाटक करत होतं असं मी आईला सांगू? आणि तुमच्या हिशोबाने मग मला तरी कसं कळणार मी खरी आहे की नाही. मी आज उपासनेला जाते, उद्या मी पण गेले तर तुम्ही म्हणणार ही पण कधी नव्हतीच. हा आधार कसला, हा तर निकाल लागेपर्यंत रोल नंबर झाकून ठेवायचा प्रकार झाला.

नेरुळ_पूर्व
ताई दुखवायचा हेतू नव्हता. पण तुम्हीच विचार करा, शेवटपर्यंत टिकणं माझ्या जोरावर असतं तर मी कधीच सुटलो असतो. मला रात्री झोप लागते ती याच वचनावर. मी हे आईंना सांगा म्हणून लिहिलं नाही, मी असं धरतो एवढंच.

कळवा_खाडीपलीकडे
मी मेथडिस्ट (जॉन वेस्लीच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) घरातला, त्यामुळे नेरुळकरांच्या बरोबर उलट बाजूला उभा आहे, पण आधी एक गंमत सांगतो. डॉर्टची सभा ज्यांच्या विरोधात भरली ते आर्मिनियसचे अनुयायी. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला, पुढच्या वर्षी त्याच्या लोकांनी पाच मुद्दे लिहून दिले, आणि त्यातल्या पाचव्यात खरा विश्वासणारा पूर्ण गळून पडू शकतो का यावर त्यांनी ठाम काही लिहिलंच नाही, शास्त्र अजून तपासावं लागेल म्हणून सोडून दिलं. म्हणजे ज्यांच्या नावावर हे मत खपतं त्यांनाही तेव्हा खात्री नव्हती. इथे आपण मात्र दोन वचनात निकाल लावतो.

आमच्याकडे शिकवतात की गळून पडता येतं. योहान १५ मध्ये वेलीत न राहणारी फांदी बाहेर टाकली जाते, पौल गलतीकरांना सरळ म्हणतो तुम्ही कृपेतून पडलात. पडणं खरं असतं, आधी वेलीत असणंही खरं असतं, त्यामुळे ताई तुमच्या भावाचा आठवीतला क्रॉस खोटा ठरवायची काहीच गरज नाही. आणि पडलेला उठू शकतो का, तर जॉन वेस्लीने अठराव्या शतकात आयुष्य घोड्यावर काढून गावोगाव लोक बघितले, तो अनुभवावरून सांगायचा की पार गळून गेलेले आणि पुन्हा उभे राहिलेले मी खूप पाहिलेत.

इब्री ६ चं म्हणाल तर तो अध्याय मोठमोठ्यांना टोचलाय. ल्यूथरने १५२२ ला जर्मन नवा करार काढला तेव्हा हे पत्र शेवटच्या चार पुस्तकांत ढकललं, आणि प्रस्तावनेत लिहिलं की इथे एक अवघड गाठ आहे, पडलेल्यांना पश्चात्तापाची वाट नाही असं हे म्हणतं आणि ते बाकी शुभवर्तमानाशी जुळत नाही. मी ल्यूथरएवढं लांब जात नाही. पण तुमच्या पाळकसाहेबांनी ६ व्या वचनावर बायबल मिटलं असेल तर तीन वचनं लवकर मिटलं. ९ वं वचन वाचा. प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे, असा त्याचा सूर आहे. पत्र लिहिणारा डोक्यावर काठी उगारून उभा आहे पण मारत नाहीये, गावाकडचा आजोबा असतो तसा.

एक_बिचारा
मी हिंदू आहे, भांडायला नाही आलो, खरंच कळत नाही म्हणून विचारतो. आमच्याकडे माझा काका पक्का नास्तिक, गणपतीला आरती चालू असली की हा गॅलरीत सिगरेट ओढतो, पण मोदकाला पहिला. त्याचं पुढे काय होणार असा प्रश्न आजीला कधी पडलाच नाही, तिचा प्रश्न एवढाच की हा सिगरेट कधी सोडणार. तुमच्यात एवढं आर या पार का असतं?

ऐरोलीची_थोरली
काका भारी आहेत. आमच्यात माणूस जन्माने घरात येतो पण विश्वासात स्वतः यावं लागतं असं धरतात, म्हणून स्वतः बाहेर जाणं पण मोजलं जातं. मोदकाचं म्हणाल तर नाताळला आई करंज्या करते, गेल्या नाताळला त्याने एकट्याने बावीस खाल्ल्या, सारण मीच भरत होते म्हणून आकडा माहीत आहे.

संपादक
वरचे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. कोणी कुठे परत यावं यावर घोषणा द्यायच्या असतील तर दुसरीकडे द्या. धागा चालू ठेवतोय.

मखमली_तलाव
मी ठाण्याची, ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), कॅथलिक, रिटायर शिक्षिका, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

तलावपाळीवर भेळ खाणाऱ्या किती जणांना माहीत आहे की आपल्या ठाण्यात १३२१ च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक संन्यासी) मारले गेले? टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती. चीनला निघालेले, इथे येऊन पडले, ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन (पूर्वेकडच्या जुन्या पंथातली) ख्रिस्ती कुटुंबं होती त्यांच्याकडे उतरलेले. जोर्दानुस नावाच्या डोमिनिकन संन्याशाने त्यांना सोपाऱ्याला पुरलं, नंतर ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. आणि शेजारच्या वसईचा गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवला, १८६२ मध्ये संत झाला. आम्ही लहानपणी हेच ऐकत वाढलो. विश्वास म्हणजे काय तर मान कापली तरी नाही म्हणायचं नाही.

पण मला वर्गात शिकवताना एक गोष्ट कायम खटकायची की जे नाही म्हणाले त्यांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. गोन्सालोनंतर जपानात १६१४ ला बंदी आली, मग नागासाकीत दरवर्षी लोकांना ओळीने उभं करून येशू-मरियेच्या चित्रावर पाय द्यायला लावायचे. लोकांनी दिला. दिवसभर पाय देऊन घरी आले आणि रात्री पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, त्या प्रार्थनेला ते कोंचिरिसान म्हणायचे, पोर्तुगीज शब्दाचं जपानी रूप. असं दोनशे वर्षांहून जास्त, बापाने पाय दिला, मुलाने दिला, नातवाने दिला. धर्मगुरू नाही, मिस्सा (उपासना) नाही, कुमसार (पापांची कबुली) नाही. आणि १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीत फ्रेंच फादर पेतिजाँ यांच्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले, एक बाई त्यांच्या जवळ सरकून म्हणाली आमचंही मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठेय. आता नियमाने हिशोब केला तर हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या नाकारणारे. ख्रिस्तसभेने (कॅथलिक चर्चने) त्यांना हाकलून नाही दिलं.

आता मीच माझ्या उदाहरणाची चूक सांगते. ते घाबरून नाही म्हणाले होते, आतून हो होतं. तुझ्या भावाचं तसं नाही बाळा, तो न घाबरता नाही म्हणतोय. त्यावर आमच्याकडची शिकवण दोन्ही बाजूंनी धार असलेली आहे. १९६४ च्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेच्या (कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) दस्तऐवजात १४ व्या परिच्छेदात कडक लिहिलंय, ख्रिस्तसभा देवाने आवश्यक म्हणून स्थापली हे ज्याला माहीत आहे आणि तरी तो तिच्यात येत नाही किंवा राहत नाही त्याचं तारण होणार नाही. त्याच दस्तऐवजात १६ व्यात म्हटलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाची स्पष्ट ओळख झालेली नाही पण जे चांगलं जगायची धडपड करतात त्यांनाही देव लागणारी मदत नाकारत नाही. मग तुझा भाऊ १४ मधला की १६ मधला? माझं मत विचारशील तर ज्या पोराला बापाच्या मरणाच्या आठव्या दिवशी सांगितलं की तुझ्या शंकेने बाप गेला, त्याने ज्या देवाला नाकारलं तो देव मी पण नाकारते. १९६५ च्या दुसऱ्या एका दस्तऐवजात परिषदेने कबूलच केलंय की लोक नास्तिक होण्यात श्रद्धावानांचाही थोडाथोडका नाही चांगलाच हात असतो, त्यांच्या वागण्याने देवाचा चेहरा दिसायच्या ऐवजी झाकला जातो. हे आमच्या फादरांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले बाई हे मला पण लागू आहे.

आणि वहीचं म्हणशील तर आमच्याकडे स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) शिक्का आत्म्यावरून पुसता येत नाही असं मानतात. म्हणून कोणी पन्नास वर्षांनी परत आला तरी त्याचा पुन्हा स्नानसंस्कार होत नाही. आईला सांग शाईचा डाग राहू दे, तो निघायचा नाहीच.

नेरुळ_पूर्व
मखमली ताई, शिक्का पुसत नाही मग तारण का पुसतं, हे मला कॅथलिकांचं कधी कळलं नाही. पण नागासाकीचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

मखमली_तलाव
शिक्का म्हणजे कुणाचा आहेस ते, घरी आहेस की नाही ते वेगळं. हरवलेल्या मेंढराच्या पण कानाला खूण असतेच की.

जुने_दाखले
नागासाकी वाचून राहवलं नाही. याच भांडणाचा पहिला मोठा भडका २५० साली उडालाय. रोमन बादशहा डेशियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्या आणि अधिकाऱ्यासमोर दिल्याचा दाखला घ्या. इजिप्तमध्ये ते दाखले पपायरसवर सापडलेत, मजकूर अगदी आपल्या तहसील कचेरीतल्यासारखा, मी अमुक गावचा अमुक, मी देवांना नेहमीच अर्पण करत आलोय, आत्ता तुमच्यासमोर पण केलं, कृपया सही करावी. काही ख्रिस्ती मेले, खूप जणांनी बळी दिला, आणि काही हुशारांनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. २५१ ला डेशियस लढाईत मेला आणि हे सगळे परत चर्चच्या दारात. रोममध्ये नोवेशियन म्हणाला नाही म्हणजे नाही, ज्याने एकदा नाकारलं त्याला चर्च परत घेऊ शकत नाही, देवाला काय करायचं ते करू दे. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा कॉर्नेलियस म्हणाले प्रायश्चित्त घ्या आणि या. नोवेशियनचा गट वेगळा झाला, चर्च सिप्रियनच्या बाजूने गेलं. पुढे ३२५ ला निकेआच्या परिषदेत तर टाइमटेबलच ठरवलं, कोणी फारशी जबरदस्ती नसताना नाकारलं असेल तर तीन वर्षं फक्त ऐकणाऱ्यांत, सात वर्षं लोटांगण घालणाऱ्यांत, दोन वर्षं प्रभुभोजनाशिवाय (चर्चमधली भाकर-द्राक्षारस न घेता) प्रार्थनेत. बारा वर्षं! पण मरायला टेकला असेल तर त्याला शेवटचं प्रभुभोजन नाकारायचं नाही हे त्याच परिषदेत. म्हणजे ताई, पाळकसाहेबांचं "अशक्य" हे मत नोवेशियनचं, आणि तो ही केस सतराशे वर्षांपूर्वी हरलाय.

आता जे लिहितो त्याने काही जण चिडतील. दाखले आपल्याकडे पण आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात एससी फक्त हिंदू धरले, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. त्यामुळे आमच्या घरात आणि मला माहीत असलेल्या डझनभर घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी पहिल्या बाकावर दुसरा. मी स्वतः त्या दाखल्यावर शिकलो, नोकरीला लागलो, आणि दर रविवारी प्रभुभोजन घेतो. माझ्या पाळकांना माहीत आहे, मंडळीला माहीत आहे, कोणी मला इब्री ६ वाचून दाखवलं नाही. तुमच्या भावाने उलट केलं, त्याला जे खरं वाटतं तेच कागदावर लिहून दिलं, काही फायदा नसताना. आमच्यात नाकारणारा कोण म्हणायचा हे मला रात्री कधी कधी झोपू देत नाही.

ऐरोलीची_थोरली
दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काय बोलू.

सातपाटीचा_वारा
ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र. मंडळी सोडणं म्हणजे ख्रिस्त सोडणं नव्हे.

ऐरोलीची_थोरली
टिळक मलाही आठवले होते. पण भावाने दोन्ही सोडलंय, तो गुपचूप ख्रिस्तभक्त आहे असं म्हणून मी त्याची फसवणूक का करू.

घणसोलीचा_सुटलेला
इतके प्रतिसाद झाले, डॉर्ट झालं, डेशियस झाला, जपान फिरून आलात. सुटलेल्यांपैकी कोणाला विचारलंत का? मी आहे. मी पण मंडळीत वाढलो, दृढीकरण, तरुण संघ, सगळं. माझ्याकडे कोणी मेलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. एका रात्री प्रार्थना करता करता जाणवलं की पलीकडे कोणी नाहीये, फोन कधीचा कट झालाय आणि मीच बोलतोय. खूप दिवस परत लावून बघितला. तुम्हाला वाटतं आम्ही दार आपटून निघालो. अहो मी दाराशी दोन वर्षं बसलो होतो.

आणि मला राग कशाचा येतो सांगू, सगळे मला कुठे ठेवायचं ते ठरवतायत. हा म्हणतो मी कधी नव्हतोच, तो म्हणतो मी वेलीची सुकलेली फांदी, मावशी म्हणतात शिक्का आहे कानावर. मावशी तुमचा राग नाही येत, पण शिक्का मी मागितला नव्हता. ताई, भावाला विचारलंत का कधी, की तुला काय वाटतं? का थेट आईला काय सांगू एवढंच?

बरं, मी नाव काढलेलं नाही अजून. दर वर्षी वर्गणी भरतो. कारण सांगतो, हसू नका. वही नाही तर दफनभूमीत जागा नाही, आणि आईची इच्छा आहे की आपण सगळे एका ठिकाणी. मी मेल्यावर मला काय फरक पडतो, तिला आत्ता पडतो.

कळवा_खाडीपलीकडे
सुटलेले भाऊ, फांदीबद्दल माफी. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप धाकट्याच्या मागे दूरदेशी जात नाही, हे मला नेहमी विचित्र वाटायचं. मेंढरामागे मेंढपाळ जातो, नाण्यासाठी बाई घर झाडते, मुलामागे मात्र कोणी जात नाही. कदाचित मुलाला खांद्यावर टाकून आणता येत नाही म्हणून. तुमचं वाचताना ते आठवलं, बाकी काही म्हणायचं नाही.

घणसोलीचा_सुटलेला
हे बरं बोललात.

नेरुळ_पूर्व
मोठा भाऊ पण आहे त्या गोष्टीत, घरात राहून रुसलेला. तो मी आहे बहुतेक.

ऐरोलीची_थोरली
उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. मधे आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

घणसोलीकर, विचारलं मी त्याला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ठाण्याहून रक्ताचे रिपोर्ट घेऊन ट्रान्स हार्बरने येत होतो, गर्दीत उभे. म्हटलं तुला काय वाटतं तुझं काय होणार. तो म्हणाला मला आईचं काय होणार याची भीती वाटते, ती माझ्यामुळे रोज मरतेय. मग दिघ्याला गर्दी उतरली तेव्हा हळूच म्हणाला, जर पप्पांना पुन्हा भेटता येणार नसेल तर ते मला पण आवडलेलं नाहीये, मी काय मजेत नाही सोडलं. मी त्याला पेत्राचं सांगायला गेले तर हसला.

आईला मी तुमच्यातलं बरंच सांगितलं. ९ वं वचन सांगितलं, नोवेशियन हरला ते सांगितलं, ते तिला आवडलं, दोनदा विचारलं हरला ना नक्की. पेत्राने तीनदा नाकारलं तरी प्रभूने त्यालाच मेंढरं चारायला दिली असं म्हटलं तर म्हणाली, "पेत्र कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला गं, हा रडत पण नाही." मी गप्प. एकूण समजूत पटली असं मी म्हणणार नाही. जेवायला लागली आहे.

पण एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली. आई साठ वर्षं रोज रात्री एक अध्याय वाचल्याशिवाय झोपलेली नाही. माझी दुसरी शिफ्ट, रात्री साडेअकराला घरी येते. भाऊ घरून काम करतो, त्यामुळे ड्रॉप्स घालायचं काम त्याच्याकडे. पहिल्या रात्री मी आले तर आतून त्याचा आवाज. पप्पांचं बायबल मांडीवर, खूण म्हणून पप्पांचा जुना लोकलचा पास असतो तो बाजूला काढून ठेवलेला, आणि हा वाचतोय. मी चप्पल न काढता तिथेच उभी राहिले. योगायोग म्हणा, खूण होती स्तोत्र ८८ वर, त्या सगळ्यांत काळोखं स्तोत्र, शेवटी पण उजेड नाही, अंधारावरच संपतं. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे असं पण आहे यात?" आई म्हणाली, "आहे ना. तू पाठ केलंस तेव्हा सोपी सोपी केलीस."

दुसऱ्या रात्री ८९. ते लांब आहे, बावन्न वचनं, आणि शेवटी आमेन, आमेन असं दोनदा लिहिलंय. तो बरोबर तिथपर्यंत आला आणि थांबला. आईने वाट बघितली थोडी, मग तिनेच म्हटलं, दोनदा. त्याने पास परत पानात ठेवला.

मखमली_तलाव
पहिल्या पानाचं काय केलंत गं?

ऐरोलीची_थोरली
तसंच आहे. उघडलंच नाही कोणी.

घणसोलीचा_सुटलेला
वाचलं. भावाला सांगा घणसोलीला कधी आला तर चहा माझ्याकडून. चर्चची गोष्ट काढणार नाही.

एक_बिचारा
ताई अवांतर आहे पण ड्रॉप्स दिवसातून किती वेळा घालावे लागतात? आजीचं पुढच्या महिन्यात आहे, आणि घरी दिवसभर रिकामा असलेला एक काकाच आहे.

ऐरोलीची_थोरली
आम्हाला पहिला आठवडा सहा वेळा सांगितले होते, मग कमी कमी, पण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. काकांना आधी साबणाने हात धुवायला लावा, सिगरेटच्या हाताने नको.